जिगची काठी घेताना माशाचं नाही, आधी शिशाचं वजन बघा



हल्ली आपल्या सभासदांच्या घरातली पोरं एकच प्रश्न विचारतात. "जिग मारायला काठी कुठली घेऊ? रीळ कुठलं घेऊ?" मोबाईलवर दोन-चार व्हिडिओ बघून झालेले असतात, कुणीतरी 'पूर्ण सेट, बारा वस्तू, घरपोच' अशी जाहिरात पाठवलेली असते, आणि घरात जाळ्याच्या दुरुस्तीला ठेवलेले पैसे असतात. त्या पैशावर दोघांचा डोळा. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितोय. घरातल्या बायामाणसांनीही वाचावा, कारण बाजारात मासळी घेऊन त्याच बसतात आणि पैशाचा हिशोब त्यांच्याचकडं असतो.

आधी जिग म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे ज्यांनी बघितलेलं नाही त्यांना पुढचं समजेल. गळाच्या मानेवर शिशाची गोळी ओतलेली असते. त्या गळात रबराची बोटभर मासोळी ओवायची. पाण्यात सोडली की ती डोक्यावर खाली जाते, तळाला टेकते, काठीनं वीतभर उचलली की उडी मारते, परत खाली बसते. तळाला चरणाऱ्या किंवा घाबरून पळणाऱ्या लहान माशासारखी दिसते. एवढंच. यात जादू काही नाही. सगळी करामत खाली काय चाललंय ते वर हाताला कळण्यात आहे.

तुम्ही जे व्हिडिओ बघता त्यातले बरेचसे अमेरिका-कॅनडाकडच्या वॉलआय नावाच्या माशाचे असतात. तिकडं त्याचं लई कौतुक. मिनेसोटाचा तो १९६५ पासूनचा राज्यमासा. त्याच्या डोळ्याच्या मागं चकाकणारा पडदा असतो, मांजरासारखा, त्यामुळं अंधूक उजेडात त्याला चांगलं दिसतं आणि तो दिवस मावळताना, फटफटताना तळाजवळ शिकार करतो. त्याच्यासाठी तिकडची माणसं ६ ते ७ फुटी, हलकी, शेंड्याला लवणारी काठी आणि छोटं रीळ वापरतात. जिग साडेतीन ग्रॅमपासून चौदा ग्रॅमपर्यंत.

आपल्या कारंजाच्या पाण्यात वॉलआय नाही. पण त्याच्यासारखं वागणारी मासळी आहे. शिंगाडा तळ सोडत नाही. शिवडा दिवसा कपारीत, खोडाआड बसतो आणि उजेड कमी झाला की बाहेर पडतो. नावं गावागणिक बदलतात, कन्नड बोलणारे वेगळं म्हणतात, तेलंगणाकडचे वेगळं, पण मासा तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून तिकडचं तंत्र इकडं चालतं. तिकडची काठी मात्र जशीच्या तशी चालत नाही, आणि का नाही तेच मुख्य सांगायचंय.

त्याआधी एक शंका. जाळं असताना काठी कशाला?

ज्यांनी उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर धरणाचा तळ बघितलाय त्यांना हे सांगायला नको. ब्यालहळ्ळीचं कारंजा धरण घ्या, नाहीतर आपल्या जवळचं चुळकीनाला, मुल्लामारी, किंवा कलबुर्गीकडचं बेन्नेतोरा, अमरजा घ्या. धरणाखाली शेतं गेलीत. बांध आहेत, जुन्या विहिरींचे कठडे आहेत, बाभळीची खोडं तशीच उभी आहेत. जाळं तिथं टाकलं की फाटतं. म्हणून आपण ती जागा सोडून मोकळ्या पाण्यात जाळं लावतो आणि सोडलेल्या बियाण्याचा कटला, रोहू, मृगळ काढतो. शिवडा आणि शिंगाडा नेमके त्या सोडलेल्या जागेत बसतात. एक जाळं खोडात अडकून फाटलं तर घराला ते महिनाभर जाणवतं. एक जिग अडकून तुटली तर चहाच्या दोन कपांचा खर्च. हा साधा हिशोब आहे.

दुसरं असं की गळाला आलेला मासा जिवंत आणि न खरचटलेला मिळतो. रात्रभर जाळ्यात तडफडून मेलेला आणि तासाभरापूर्वी पाण्यातून काढलेला, दोन्हींचा भाव एक नसतो. हैदराबादच्या गिऱ्हाईकाला विचारा.

पण काठी जाळ्याची जागा घेईल असं कुणी समजू नये. ती जाळ्याच्या सोबतीची वस्तू आहे. वाऱ्याच्या दिवशी, जाळं वाळत असताना, संध्याकाळचे दोन तास. आणि पाण्याचा ठेका ज्या सोसायटीकडं असेल तिची परवानगी काठीलाही लागते. "मी काय जाळं टाकलं नाही, नुसता गळ टाकला" हे उत्तर होत नाही.

आता काठी.

दुकानात गेलं की आपला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "किती किलोचा मासा ओढंल?" दुकानदार खूश होतो आणि जाडजूड काठी हातात देतो. हा प्रश्नच उलटा आहे. दहा ग्रॅमची जिग टाकायची तर काठीला दहा ग्रॅम कळले पाहिजेत. मासा ओढायचं काम काठी एकटी करत नाही, दोर आणि रीळचा ड्रॅग तिच्याबरोबर असतात. पण खाली मातीवर टेकलेल्या जिगची खबर वर आणायचं काम काठीशिवाय कुणी करत नाही. जाड काठीला दहा ग्रॅम म्हणजे हत्तीच्या पाठीवर माशी. जिग तळाला टेकली का अधांतरी आहे, खोडावर चढली का माशानं तोंडात घेतली, काहीच कळत नाही. मग पोरगं म्हणतं, "इथं मासा नाही."

तेव्हा आधी ठरवा, जिग किती वजनाची लागणार. तिकडच्या लोकांचा एक ढोबळ नियम चांगला आहे: दर दहा फूट खोलीला साडेतीन ग्रॅम. म्हणजे वीस फुटाला सात. वारा असला, होडी सरकत असली तर त्याच्या दीडपट धरा. आपण काठावरून किंवा तराफ्यावरून दहा ते तीस फूट पाण्यात मारतो. म्हणजे सात ग्रॅम, दहा ग्रॅम, क्वचित चौदा. या तीन वजनांवर सगळं काम होतं. अडीच रुपये वाचवायला वीस ग्रॅमची शिशाची गोळी टाकली तर ती दगडासारखी खाली आपटते, आणि मासा बहुतेक वेळा जिग खाली पडतानाच घेतो. हळू पडणं महत्त्वाचं.

आता काठीच्या मुठीच्या वर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाचा. 'लूअर' शब्दापुढं ग्रॅम लिहिलेले असतात. तिथं ५ ते २१ किंवा ७ ते २१ असं काही असेल तर ती तुमची काठी. ३० ते ८० लिहिलं असेल तर ठेवून द्या, कितीही स्वस्त असली तरी. काही काठ्यांवर ग्रॅमऐवजी औंस असतात. एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, पाव औंस म्हणजे सात, अर्धा म्हणजे चौदा. त्याच्याशेजारी इंग्रजी अक्षरं असतात. 'एल' म्हणजे हलकी, 'एमएल' म्हणजे मध्यम-हलकी, 'एम' मध्यम, 'एमएच' मध्यम-जड, 'एच' जड. बऱ्याच कंपन्या आकडा असा लिहितात: ६६२ एम. म्हणजे ६ फूट ६ इंच, २ तुकड्यांची, मध्यम.

वॉलआयवाले बहुतेक एमएल घेतात. त्यांचा मासा साधारण किलो-दीड किलोचा, आणि पाणी बरंचसं मोकळं. आपल्याकडं शिवडा मीटरभर लांब होतो आणि गळ लागला की पहिली धाव खोडाकडं घेतो. एमएलनं तो वळत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: घरात एकच काठी घ्यायची असेल तर 'एम' घ्या, ६ फूट ६ इंच, दोन तुकड्यांची. मोकळ्या गाळाच्या तळावर फक्त शिंगाडा मारणार असाल तर एमएल चालेल, हाताला मजाही जास्त येईल. पण मजेसाठी पैसे घालायचे दिवस आपले नाहीत.

लांबी कुठं बसून मारता त्यावर. थर्माकोलच्या तराफ्यावर माणूस पाण्याला लागून बसलेला असतो. तिथं सात फुटी काठी अंगावर येते, मासा जवळ आणताना शेंडा मागं जातो आणि तोल जातो. तराफ्याला सहा, साडेसहा पुरे. काठावरून मारणाऱ्याला सात फूट बरी, जिग लांब जाते आणि काठच्या दगडांवरून दोर उचलून धरता येतो. होडीत उभं राहून मारणाऱ्याला दोन्ही चालतात.

दुसरी गोष्ट काठी लवते कशी. जोडीदाराला शेंडा धरायला सांगा आणि तुम्ही मुठीकडून हळू उचला. शेंड्याकडचा तिसरा हिस्सा लवला आणि खालचा ताठ राहिला, तर तिला 'फास्ट' म्हणतात. जिगला तीच हवी. मुठीपर्यंत कमान झाली तर ती पिठाच्या गोळ्यावर मृगळ धरणाऱ्याला ठीक आहे, जिगला नाही. हे दुकानाच्या छताचा पंखा बंद आहे ना ते बघून करा. पंख्यात गेलेल्या काठ्या दुकानदाराला विचारा, तो मोजून सांगेल.

त्या 'पूर्ण सेट'मधली काठी बहुतेक दुर्बिणीसारखी एकात एक सरकणारी असते. पिशवीत मावते हे खरं. पण पाच-सहा जोड आले की खालून आलेली खबर प्रत्येक जोडात थोडी थोडी मरते. शिवाय प्रत्येक जोडावर वजन. मोटारसायकलवर न्यायला दोन तुकड्यांची काठी पीव्हीसी पाइपात घातली की झालं. पाइप दुचाकीला बांधता येतो, मुलांच्या पायाखाली येत नाही.

काठीच्या कड्या बघायला कापसाचा बोळा खिशात ठेवा. प्रत्येक कडीच्या आतून फिरवायचा. कापूस अडकला, तंतू निघाले, तर कडीला चीर आहे. असली कडी विणलेला दोर आठवड्यात कापते. कडीच्या आत चिनी मातीसारखं गुळगुळीत कडं असावं, नुसती तार नको.

काचतंतूची काठी स्वस्त, मजबूत, पण बधिर. कार्बनची हलकी आणि बोलकी. जिगला कार्बनच घ्या. पण त्यात एक धोका आहे आणि तो दुकानदार सांगत नाही. कार्बनमधून वीज वाहते. आपल्या धरणांच्या काठानं शेतीपंपांच्या तारा गेल्यात, काही ठिकाणी लोंबतायत. पाणी चढलं की तारेची उंची आणखी कमी होते. सात फुटी काठी हातात उंच धरून तारेखालून चालायचं नाही, जिग टाकायची नाही. आणि वळवाचं आभाळ भरून आलं, लांब कुठं गडगडलं, की काठी आडवी ठेवून पाण्याबाहेर यायचं. मासा उद्याही असतो. पोरांना काठी देण्याआधी हे सांगा, नंतर नको.

रीळकडं येऊ.

जिगला उभं, काठीच्या खाली लटकणारं रीळ लागतं. त्यात दोर गुंडाळलेली फिरकी जागच्या जागी राहते आणि तिच्याभोवती तार फिरून दोर गुंडाळते. ही कल्पना इंग्लंडमधल्या आल्फ्रेड इलिंगवर्थ नावाच्या, लोकरगिरणीच्या धंद्यातल्या माणसाची. कापडगिरणीतल्या चात्यावरून त्याला ती सुचली आणि १९०५ साली त्यानं पेटंट घेतलं. सोलापूरच्या किंवा कलबुर्गीच्या एमएसके गिरणीत ज्यांच्या घरातल्यांनी काम केलंय त्यांना कांडीवरून सूत कसं सुटतं ते ठाऊक असेल. तसंच आहे हे. फिरकी फिरत नाही म्हणून हलकी जिगसुद्धा लांब जाते आणि गुंता कमी होतो. गोल फिरकीचं आडवं रीळ सात ग्रॅमला नको, नवख्या माणसाचा अर्धा दिवस गुंता सोडवण्यात जातो.

आकार २५०० घ्या. काही कंपन्या त्यालाच २५ किंवा ३००० च्या जवळचा आकडा देतात. याच्यापेक्षा मोठं रीळ काठीचा तोल बिघडवतं. काठीला रीळ लावून, रीळच्या पायाच्या थोडं पुढं दोन बोटांवर तोलून बघा. शेंडा फार खाली गेला किंवा मूठ फार खाली गेली तर संध्याकाळपर्यंत मनगट दुखणार. जाळं ओढणाऱ्या हाताला हे हसण्यावारी वाटेल. पण दोन तास सारखं वीत वीत उचलणं हे वेगळं काम आहे.

खोक्यावर लिहिलेल्या बेअरिंगच्या आकड्याला भुलू नका. 'बारा अधिक एक' लिहिलेलं पण खडखडणारं रीळ मिळतं, आणि चार बेअरिंगचं लोण्यासारखं फिरणारंही मिळतं. हातात घ्या, दांडा मागं-पुढं हलवा. खुट्ट खुट्ट हलला तर नको. दांडा फिरवताना थांबून उलटा दाबा. तो जरासुद्धा मागं गेला नाही पाहिजे, नाहीतर गळ मारताना झटका वाया जातो. शिमानो, दाइवा, ओकुमा, अबू गार्सिया यांची सगळ्यात खालच्या दर्जाची रीळंही आपल्या कामाला पुरतात. नावाच्या खोट्या मालापासून सावध. खोक्यावरची अक्षरं आणि रीळवरची अक्षरं जुळतात का बघा, आणि पावती घ्या.

'गिअर रेशो' म्हणून ५.२:१ किंवा ६.२:१ असा आकडा असतो. दांड्याच्या एका फेऱ्यात तार किती वेळा फिरते, तो. दोन्ही चालतात. जास्त आकडा असला की ढिला दोर लवकर गोळा होतो, कमी असला की जड मासा ओढताना हाताला सोपं. यावर वाद घालत बसू नये.

ड्रॅगवर मात्र बसायला हवं. ड्रॅग म्हणजे फिरकीच्या डोक्यावरची चकती, जी ठरलेल्या ओढीला दोर सोडते, म्हणजे तुटत नाही. खोक्यावर 'दहा किलो ड्रॅग' लिहिलेलं असतं आणि माणूस खूश होतो. आपल्याला दोन किलोपेक्षा जास्त लागतच नाही. दोराच्या तुटण्याच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्यावर ड्रॅग ठेवायचा. पंधरा पौंडाचा दोर म्हणजे पावणेसात किलो, म्हणजे ड्रॅग पावणेदोन किलोच्या आसपास. मोजायचं कसं? घरातला मासळीचा स्प्रिंगचा काटा घ्या. दोराचं टोक काट्याला बांधा, काठी तिरपी धरून ओढा, काटा पावणेदोनवर आला की रीळनं दोर सोडायला लागलं पाहिजे. सोडताना झटके देत सोडत असेल तर ते रीळ दुकानातच ठेवा. दोर सलग, तुपासारखा सुटला पाहिजे. हा काटा घेऊन दुकानात जायला लाज वाटत असेल तर बहिणीला, वहिनीला सोबत न्या. त्या काट्याची लाज वाटून घेत नाहीत.

दोर. आपल्याला तंगूस माहीत आहे, आणि स्वस्त आहे. पण तंगूस ताणतो. वीस फुटावरची बारीक टक् त्यात विरून जाते. जिगला विणलेला दोर घ्या, पंधरा ते वीस पौंडाचा. तो ताणत नाही, बारीक असतो, खालची मातीसुद्धा सांगतो. त्याच्या पुढं दीड-दोन हात तंगूस जोडायचा, तीस पौंडाचा, कारण शिवड्याच्या जबड्यात ब्रशासारखे बारीक दात असतात आणि विणलेला दोर दगडाला, दाताला टिकत नाही. फिरकीवर आधी थोडा तंगूस गुंडाळा आणि मग विणलेला, नाहीतर सगळा दोर फिरकीवर घसरून फिरतो आणि माणूस म्हणतो ड्रॅग खराब आहे. फिरकी काठोकाठ भरायची नाही, दोन मिलिमीटर जागा सोडायची. जिग टाकल्यावर तार हातानं बंद करायची, दांडा फिरवून नाही. यानं दोराला पीळ पडत नाही.

विणलेला दोर अडकला तर हाताला गुंडाळून ओढायचा नाही. ब्लेडसारखा कापतो. लाकडाच्या दांडक्याला चार वेढे द्या आणि दांडका ओढा. तुटलेला दोर पाण्यात सोडू नका, बगळ्यांच्या पायात तो अडकतो, आणि उद्या तुमच्याच इंजिनाच्या पंख्यात.

पैसे किती घालावेत यावर मी आकडा देत नाही, भाव दर हंगामाला बदलतात. पण वाटणी सांगतो. दहा रुपये असतील तर पाच काठीला, तीन रीळला, दोन दोराला आणि जिगना. बरीच माणसं उलटं करतात, चकचकीत रीळ घेतात आणि उरलेल्या पैशात काठी. जिगमध्ये काठी हेच कान आहेत. दोन घरांनी मिळून एक काठी घेतली तरी चालतं, तिचा वापर रोज नसतोच.

आता ती काठी हातात आल्यावर काय ऐकायचं, हे थोडं सांगतो, कारण ऐकता आलं नाही तर सगळा खर्च फुकट.

हातगळ धरणारी आपली जुनी माणसं दोर तर्जनीवर ठेवतात. तेच करा. दोर रीळच्या पुढं बोटाच्या टोकावर हलका टेकवा. जिग टाका, तार बंद करा, दोर जेमतेम ताठ ठेवून खाली जाऊ द्या. अगदी ढिला नको, अगदी ओढलेला नको. तळाला टेकली की दोर अचानक सैल पडतो. काळ्या मातीच्या गाळात जिग नुसती बसते, आवाज नाही, उचलताना थोडी चिकटते. मुरमावर खरखर येते. दगडावर टक् टक्. खोडावर गेली की रबरासारखं जड लागतं आणि हळू सुटतं. बुडालेल्या बांधावर आधी मुरूम, मग दगड, मग एकदम खोल. हा बांध सापडला की तिथंच थांबा, शिंगाडा त्याच्या खालच्या बाजूला असतो.

माशाचा चावा यातल्या कशासारखाही नसतो. कधी एकच टक्, कधी नुसतं हलकं वाटतं, जणू जिग तुटून गेली. जिग पडायला पाच आकडे लागायचे आणि तिसऱ्यालाच दोर सैल झाला, म्हणजे मधेच कुणीतरी घेतली. तेव्हा विचार करत बसू नका, काठी उचला.

आणि एक काम उन्हाळ्यात करायचं आहे. एप्रिल-मेमध्ये पाणी उतरलं की धरणाच्या कोरड्या भागात एक चक्कर मारा. कुठं विहीर, कुठं बाभळीचं बेट, कुठला बांध तुटलाय, रस्त्याची मोरी कुठं आहे, ते काठावरच्या खुणांशी जोडून ठेवा: देवळाचा कळस आणि विजेचा खांब एका रेषेत आले की खाली विहीर, असं. मोबाईलवर फोटो काढा. हिवाळ्यात भरल्या पाण्यात तुम्ही जे ऐकणार आहात ते आधी डोळ्यानं बघून ठेवलेलं असलं की काठीची अर्धी किंमत तिथंच वसूल.

मरळसाठी ही काठी नाही, हे स्पष्ट सांगतो. मरळ शेवाळात, पाणकणसात बसतो. तिथं उघड्या गळाची जिग पहिल्याच फेकीत शेवाळ घेऊन येते. त्याला जड काठी, जाड दोर आणि रबरी बेडूक लागतो. तेलंगणानं ज्याला राज्यमासा केलाय आणि हैदराबादचं गिऱ्हाईक ज्याला जिवंत मागतं तो मासा आहे, त्याचं प्रकरण वेगळं लिहायला हवं. एवढं मात्र आत्ताच: पाण्यावर तांबड्या पिल्लांचा गोळा दिसला की खाली नर-मादी राखणीला असतात. ते गळाला झडप घालतात म्हणून सोपे वाटतात. त्यांना मारलं की तो सगळा गोळा दुसऱ्या माशांच्या पोटात जातो. तिथं जिग नको, बेडूक नको, काहीच नको.

शिवड्याबद्दलही तसंच. जगभरातल्या प्राण्यांची यादी ठेवणाऱ्या आययूसीएन संस्थेनं शिवड्याला धोक्यातल्या माशांत धरलंय. आपल्याला ते यादीतून कळायची गरज नाही, वडिलांच्या वेळेला केवढे यायचे हे घरात विचारा. पावसाळ्याच्या तोंडाला गाभोळीनं भरलेली मादी लागली तर सोडा. हातभरापेक्षा लहान लागला तर सोडा. गळाला आलेला मासा सोडता येतो, हा काठीचा जाळ्यापेक्षा एक फायदाच आहे. पक्कड जवळ ठेवा. शिंगाड्याच्या पाठीवरचा आणि गालाखालचे काटे करवतीसारखे असतात, त्याला काट्यांच्या मागून, पोटाखालून धरा. शिवड्याच्या तोंडात बोट घालू नका.

होडीवाल्यांसाठी दोन शब्द. कुणी शौकीन काठी घेऊन आला आणि होडी मागितली, तर आधी सोसायटीत नोंद, मग होडी. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कुणी चढणार नाही, साहेब असो की साहेबांचा पाहुणा. त्याची काठी, रीळ हातात घेऊन बघायला मिळतं, ते बघा. विकत घेण्याआधी दुसऱ्याच्या काठीनं दहा वेळा जिग टाकून बघणं हे सगळ्यात स्वस्त शिक्षण.

निगा सोपी आहे. आपल्या धरणाचं पाणी गोडं, पण गाळ बारीक. घरी आल्यावर ओल्या फडक्यानं काठी, कड्या पुसा. रीळ पाण्यात बुडवू नका, गाळ आत जातो. महिन्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब दांड्याच्या मुळाशी आणि दोर जिथून वळतो त्या छोट्या चाकाला. खोबरेल नको, बिदरच्या थंडीत ते आत गोठतं आणि सकाळी रीळ जात्यासारखं फिरतं. ठेवताना ड्रॅग ढिला करून ठेवा, चकत्या दबून राहत नाहीत.

ज्यांना घ्यायच्या आधी काठी हातात धरून बघायची आहे त्यांनी मासळीचा काटा, कापसाचा बोळा आणि सात ग्रॅमची एक जिग सोबत न्यावी. दुकानदारानं जिग बांधून शेंडा लववून बघू दिलं नाही, तर दुसरं दुकान बघा.